कपबशांना गुंडाळलेली वर्षं

"हळू! अरे लंबू, कप आहे तो, चेंडू नाही!"

खारू ओरडली, पण तोवर लंबूने कप हवेत उडवून झेललासुद्धा होता. वर दात काढून म्हणतो कसा, "घाबरू नकोस गं! दुकानदाराचा मुलगा आहे मी. काचेशी माझी लहानपणापासूनची ओळख आहे!"

"ओळख आहे म्हणूनच आई तुला पुढच्या कपाटांकडे फिरकू देत नाही," रेडिओने टोला हाणला.

तिघं आत्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते. भोवती भुश्शाचे ढीग, लाकडी खोकी आणि रद्दी कागदांचा डोंगर! दर सुट्टीत खारू आत्याकडे यायची. खाली काचसामानाचं दुकान, वर घर. लंबू हा आत्याचा मुलगा, उंचीच्या मानाने अक्कल थोडी मागे राहिलेला. रेडिओ शेजारचा. तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. आणि खारूचं नाव खारू का पडलं, हे तिच्या खिशांकडे बघितलं की कळायचं. बटणं, दोरे, बाटल्यांची बुचं, पेन्सिलींची टोकं! तिच्याच्याने काही टाकवत नसे.

या सुट्टीत त्यांना काम मिळालं होतं. एका मोठ्या कचेरीच्या कँटीनने ढीगभर कपबशा मागवल्या होत्या आणि एकेक कप कागदात गुंडाळून खोक्यात रचायचा होता. खारूचा हात सर्वांत झटपट चालायचा. पहिली खोकी परवाच रवाना झाली होती. आत्याने तर तिची पाठही थोपटली होती.

"ऐका, ऐका!" रेडिओ मध्येच ओरडला. त्याच्या हातात बशीभोवती गुंडाळायचा कागद होता. शाईने, बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलेला. "बातम्या देत आहोत! 'आज सकाळपासून ढगाळ. तीन झबली बेतली. दूध नासलं. समोरच्या काचेच्या दुकानातली धाकटी पुन्हा पायरीवर बसून रडत होती. बरणी फुटली म्हणे तिच्या हातून. बोलावून घेतलं, बटणांचा डबा दिला, रंग वेगळे करायला. जाताना हसली. पुढचे दोन दात पडलेत.' बातम्या संपल्या!"

लंबू खो खो हसला. "दूध नासल्याची बातमी!"

पण दारात काहीतरी खणकलं. आत्या तिथे उभी होती. हातातला ट्रे तिने कसाबसा खाली ठेवला होता.

"परत वाच," ती म्हणाली.

रेडिओने परत वाचलं, या वेळी साध्या आवाजात. आत्या हळूच एका खोक्यावर टेकली.

"ती धाकटी म्हणजे मी," ती म्हणाली.

"तू? तू रडायचीस?" लंबूचा विश्वासच बसेना.

"बरणी मी फोडलीच नव्हती रे. पण कुणाला खरं वाटेना. मला वाटायचं, त्या दिवशी माझ्याकडे कुणी साधं बघितलंसुद्धा नाही. बटणांचा डबा मी विसरूनच गेले होते!" आत्याने कागद हातात घेतला आणि अक्षरावरून बोट फिरवलं. "समोरच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. हे शिवणमावशींचं अक्षर आहे."

तिघांनी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडची पहिल्या मजल्यावरची खिडकी बंद होती. शिवणमावशी जिन्यावरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या दवाखान्यातच होत्या. त्याआधी त्या वर्षानुवर्षं त्याच खिडकीत मशीन चालवत बसायच्या. दर सुट्टीत खारू त्यांच्याकडे फ्रॉकच्या मापाला उभी राहायची. मावशी ओठांत टाचण्या धरून विचारायच्या, "आज काय खाल्लंस? वाटेत काय पाहिलंस?" खारू म्हणायची "काही नाही," आणि माप संपताच धूम ठोकायची.

आता मात्र खारूला काहीतरी आठवलं. ती उठली आणि कोपऱ्यातला आपला पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात हिरव्या रेक्झिनची तीन कव्हरं होती. कागद सुटा व्हावा म्हणून तिनेच ती वह्यांवरून ओरबाडून काढली होती. रेक्झिन छान होतं, कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून ठेवून दिलं होतं. प्रत्येक कव्हराच्या आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने वर्षाचा आकडा शिवलेला होता.

"तीन वर्षं," खारू पुटपुटली. "आत्या, मी तीन वर्षं फाडली!"

"तुला काय माहीत बाळा? मीच तर हा गठ्ठा रद्दीवाल्याकडून आणला."

"पण तीनच कशा असतील?" रेडिओ ताडकन उभा राहिला. "रोज लिहिणारं माणूस तीन वर्षं लिहून थांबतं होय? बाकीच्या वह्या कुठेतरी असणार! चला!"

समोरचा जिना चढून तिघं वर पोचले. मावशींच्या खोलीत त्यांचा पुतण्या डोक्याला रुमाल बांधून भिंतीला रंग देत होता. मशीन नव्हतं, कपाट नव्हतं, पलंगही नव्हता. नुसती रिकामी खोली आणि रंगाचा वास.

"वह्या?" तो म्हणाला. "हो, होत्या की. ट्रंकेत, चिंध्यांच्या तळाशी. वर पुठ्ठा घालून झाकलेल्या. मापांच्या वह्या असणार, दिल्या रद्दीत. जुनी मापं कोण ठेवतं? माणसं वाढतात!" स्वतःच्या विनोदावर तो खूश होऊन हसला.

"मापांच्या वह्या कुणी पुठ्ठ्याखाली लपवून ठेवतं का?" खारूने विचारलं.

पुतण्याचा ब्रश भिंतीवर थबकला.

"एक तरी उघडून बघायची!" लंबू म्हणाला.

"आणि मावशींना विचारलंत?" खारू.

"आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा? त्यांना आता जिना चढणं जमणार नाही. आमच्याकडेच राहतील. खोली भाड्याने देऊन टाकणार." बोलता बोलता त्याचा आवाज जरा उतरला. "काय होतं त्या वह्यांत?"

"तुम्हीही असाल कदाचित," रेडिओ म्हणाला. "लहानपणी रडताना!"

पुतण्याने ब्रश डब्यात टाकला. "स्टेशनमागच्या वखारीत दिल्या. पण पळा लवकर! आज दुपारी कागदाच्या गिरणीची गाडी भरते तिथे. गिरणीत गेल्या की त्यांचा लगदाच!"

तिघं असे सुटले की वाटेतली कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली!

वखारीत कागदाच्या गाठींचे मनोरे उभे होते. ट्रक निम्म्याहून जास्त भरला होता. मुकादम खुर्चीत रेलून चहा पीत होता.

"काका, तुमच्या गाडीत आमच्या ओळखीच्या मावशींच्या डायऱ्या आहेत. तेवढ्या द्या ना!" खारू धापा टाकत म्हणाली.

"वजन झालंय. वजन झालेली गाठ मी उघडत नसतो."

"त्यांचं सगळं आयुष्य आहे हो त्यात!"

"पोरी, माझ्याकडे रोज कुणाकुणाची आयुष्यं येतात," मुकादम चहाचा भुरका मारत म्हणाला. "ती वाचत बसलो तर गाडी कधी भरू? जा, खेळा जाऊन."

लंबूने विनवण्या केल्या. खारूने हात जोडले. मुकादम ढिम्म! आणि हमालांनी उचललेल्या गाठीतून खारूला एक हिरवा कोपरा डोकावताना दिसला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एव्हाना खरं तर रेडिओने सगळ्यांचे कान किटवायला हवे होते. पण तो गप्प होता. फाटकावरच्या पाटीकडे टक लावून बघत होता. गिरणीने लावलेली पाटी होती ती. 'कागदात प्लास्टिक, रेक्झिन आढळल्यास संपूर्ण गाडी परत केली जाईल.'

"लंबू," तो एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, "त्या हिरव्या वह्यांची कव्हरं कसली होती रे?"

"कसली म्हणजे? रेक्झिनची!"

"अरेरे! आणि किती गाठींत असतील रे त्या?"

आता लंबूच्याही डोक्यात प्रकाश पडला. "कुणास ठाऊक! सगळीकडे असतील! बिचारे काका! अख्खी गाडी परत येणार की!"

मुकादमाचा चहा ओठांपाशीच थांबला. त्याने गाठीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि ताडकन उठला. "थांबवा रे! गाठी खाली घ्या! ते रेक्झिन काढा आधी!"

"आम्ही काढून देतो काका," खारू डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला वह्या ओळखू येतात. फुकट काढतो!"

"काढा, काढा! नुसती कव्हरं सोलून काढा, कागद राहू दे!"

"शिवलेली आहेत काका," रेडिओ भोळा चेहरा करून म्हणाला. "एकेक उसवायची म्हणजे संध्याकाळ होईल. गाडी थांबेल ना तोवर?"

"नको, नको! अख्ख्याच न्या त्या वह्या आणि माझी गाडी सुटू द्या!"

मग काय विचारता! तिघांनी गाठी उचकल्या, कागदांत कोपरापर्यंत हात घातले, नाकातोंडात धूळ गेली. एकेक हिरवी वही बाहेर येत होती. कोपऱ्यातल्या हातगाडीवर शेवटी त्यांचा चांगला उंच ढीग झाला. हातगाडी ढकलत तिघं निघाले तेव्हा रेडिओ विजयाची बातमी साऱ्या रस्त्याला ऐकवत होता.

घरी आल्यावर वह्या वर्षांप्रमाणे लावल्या. आत्या जमिनीवर बसून एकेक वही उघडून बघत होती. बेतलेले कपडे, पाऊस, बंद पडलेला नळ, कुणाचं भांडण, कुणाचं बाळंतपण, खिडकीत येऊन बसणारी मांजर. रांग सुंदर दिसत होती, पण मध्ये तीन जागा रिकाम्या होत्या. दोन वह्यांचे बरेचसे कागद अजून दुकानातल्या ढिगात होते. ते त्यांनी वेचून जुळवले. तिसऱ्या वहीचं मात्र एकही पान सापडलं नाही.

"ती परवाच्या खोक्यांत गेली," खारू म्हणाली. "मीच गुंडाळली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कँटीनवर जाऊन थडकले. नवे कप ओळीने मांडलेले, स्वच्छ, चकचकीत. कप विसळणाऱ्या बाईंनी हात पुसले.

"कागद? अगं, कपाचे कागद कोण ठेवतं? कालच कचऱ्याच्या गाडीत गेले. मागच्या पिंपात काही राहिले असतील तर बघा."

पिंपात चहाचा चोथा होता आणि त्यात चिकटलेले थोडे कागद. खारूने हाताने चोथा उपसला. पानं निघाली, पण शाई फुटून नुसती निळी झाली होती. एका तुकड्यावर दोनच शब्द वाचता येत होते. 'आज तिने'. त्यापुढे काही नव्हतं.

"कोणी?" रेडिओ म्हणाला. "काय केलं तिने?"

वाटेत लंबू म्हणाला, "एवढ्या वह्या वाचवल्या आपण! एक गेली तर गेली!" सगळे खारूला समजावत होते, कुणीच रागावत नव्हतं, आणि त्यानेच तिला जास्त वाईट वाटत होतं.

संध्याकाळी आत्या तिघांना घेऊन दवाखान्यात गेली. खाटेवर शिवणमावशी केवढ्याशा दिसत होत्या! हिरव्या वह्यांची पिशवी बघताच त्या दचकल्या.

"कुणी वाचल्या?" त्यांनी विचारलं. आवाजात चक्क भीती होती.

आत्याने जवळ बसून सगळं सांगितलं. ट्रंक, वखार, ट्रक, सगळं. मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नानंतरची पहिली वही आमच्या घरच्यांच्या हाती लागली होती. त्यांनी ती मित्रांना मोठ्याने वाचून दाखवली. 'दूध नासलं' म्हणून लिहिते बघा, म्हणून सगळे किती हसले! तेव्हापासून लपवायला लागले. आहे काय त्यात? झबली आणि पाऊस."

लंबूने मान खाली घातली. तोही हसला होता.

"मीही आहे त्यात," आत्या म्हणाली. "पायरीवर. तुम्ही बघितलं नसतं तर मी कुठेच नसते, मावशी."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. मग पांघरुणावर मांडलेल्या वह्यांच्या आतल्या कोपऱ्यांवरून बोटं फिरवायला लागल्या. शिवलेले आकडे त्यांना न बघताच कळत होते. बोटं सरकत गेली आणि एका जागी थांबली.

"याच्या पुढची?"

"आम्ही सगळ्यांनी..." लंबूने सुरुवात केली.

"नाही," खारू म्हणाली. "ती मी फाडली, मावशी. कप गुंडाळायला. एकही पान राहिलं नाही."

मावशींनी खिडकीकडे पाहिलं. "त्या वर्षी माझी मुलगी चालायला लागली," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या वर्षी ती तापात गेली. ती वही आहे." त्यांनी पुढच्या वहीवर हात ठेवला. "तापाची आहे. चालण्याची नाही."

"पण तुम्हाला आठवत असेल ना?" रेडिओने अगदी हळू विचारलं.

"लिहून ठेवलं होतं ना रे, म्हणून डोक्यात ठेवलं नाही. वाटायचं, वहीत आहे, कुठे जातंय! तापाची उघडायचा धीर होत नव्हता, आणि चालण्याची नंतर कधी तरी वाचू म्हणत राहिले." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "या आता तुम्ही. मी दमले."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर खारू हुंदके देऊन रडली. आत्या तिच्या शेजारी बसून राहिली. या वेळी तिने 'तुला काय माहीत' असं म्हटलं नाही.

दोन-चार दिवस तिकडून काहीच निरोप आला नाही. मग पुतण्याच दुकानात आला, हातांवर अजून रंगाचे डाग. "मावशींनी बोलावलंय. म्हणतात, लपवून ठेवल्या म्हणून त्या मापांच्या वह्या झाल्या. अशा गोष्टी नीट कुठे ठेवतात, ते विचारलंय."

आत्याला लगेच गावातल्या मोठ्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आठवल्या. त्यांनी पहिली वही उघडली ती उभ्याउभ्याच, आणि वाचता वाचता खुर्ची कधी ओढून घेतली ते त्यांना कळलंही नाही.

वह्या वाचनालयात दाखल झाल्या त्या दिवशी तिथलं सभागृह भरून गेलं होतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मोठ्या घटना सगळेच लिहून ठेवतात. पण एका साध्या मंगळवारी मुली कुठल्या घेराचे फ्रॉक घालत होत्या, नळ किती वाजता जात होता, पायरीवर कोण रडत होतं, हे कोण लिहितं? आपल्या रस्त्याचं रोजचं जगणं या बाईंनी एका खिडकीतून जपलं. आणि या तीन मुलांनी ते लगद्यातून परत आणलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुतण्याने सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली. मुकादमसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि जो भेटेल त्याला सांगत होता, "माझ्याच गाडीतून निघाल्या बरं का!" रेडिओने व्यासपीठावर जाऊन सगळी हकिगत सांगितली. ती संपता संपेना. शेवटी लंबूने त्याला उचलून खाली आणलं.

खारू मात्र मागच्या रांगेत बसून होती. काचेच्या कपाटात मांडलेल्या वह्यांकडे तिला बघवत नव्हतं.

लोक पांगले. चाकाच्या खुर्चीतून मावशींनी तिला खूण केली. "इकडे ये. सगळ्यांनी शाबासकी दिली, माझीच राहिली."

"तुम्ही अजून रागावला आहात?"

"आहे थोडा राग. राहीलही." मावशींनी तिचा हात धरला. "पण कँटीनवाल्यांवर ढकलता आलं असतं तुला, मुकादमावर ढकलता आलं असतं. नाही ढकललंस. माझ्याशी एवढं खरं कुणी बोललं नव्हतं. घरी कधी जाणार तू?"

"उद्या."

"मग आजची दुपार आहे. कागद घे. आठवेल तेवढं सांगते."

ग्रंथपालबाईंनी कागद दिले. खारू मावशींच्या पायांशी बसली. मावशींनी डोळे मिटले.

"मशीनचा पाय धरून उभी राहायची ती. मी मशीन चालवलं की तिच्या हाताला थरथर लागायची, मग खिदळायची. मी मुद्दाम थांबायचे. मग ती ओरडायची. मी परत चालवायचे. आणि मग एक दिवस तिने हात सोडला..."

खारूचं पेन भराभर चाललं होतं. ते थांबलं. तिने वर पाहिलं.

"सकाळ होती की संध्याकाळ," मावशी म्हणाल्या, "तिच्या अंगात काय होतं, किती पावलं टाकली, मी काय म्हणाले..." त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. "सगळं लिहिलं होतं गं मी."

सभागृहात कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. खारूने घाई केली नाही. 'मग एक दिवस तिने हात सोडला,' एवढं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्याखालचं उरलेलं पान तिने कोरं ठेवलं आणि पेन हातात धरून मावशींकडे बघत बसून राहिली.